रेणूच्या बैठका

"मी कायले मुद्दाम बंद करू? तुह्या त्या डबड्यासंगं माही का दुश्मनी हाय?" माणिकबाईंनी टोपलीवरचं ओलं फडकं इतक्या जोरात झटकलं की मंजुषाच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब उडाले.

"दोन दिवस चालू होतं ते, आई. दोन दिवस अन् दोन रात्री. कागद चिकटवला होता मी वर, बंद करू नये म्हणून."

"कागद वाचाले मी घरात चष्मा लावून फिरू का? चार टोपल्या मोगरा आला बार्शीटाकळीहून, अन् बाहीर पंचेचाळीस डिगरी. कूलर लावला, तं मेन उडला. मंग मी का करू? डबडं ब्याटरीवर चालूच व्हतं, पयले ते बंद केलं, मंग फ्यूजमधी तार घातली, मंग कूलर लावला. तुहा नवरा असता घरी, तं त्यानंबी हेच केलं असतं."

"फोन करायचा होता मले!"

"केला ना वो! तू उचलत नाहीस शिकवताना. अन् कळ्यांनी का तुह्या तासाची घंटा होईपर्यंत दम धरावा? फुलला मोगरा तं कोण घेते? लग्नवाल्याले कळी लागते, कळी."

मंजुषा कंप्युटरसमोर उभी होती. पडदा काळा होता. त्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि मागं माजघरभर मांडलेल्या टोपल्या. कूलरची हवा मोगऱ्यावरून येत होती, त्यामुळं खोलीत असा सुवास भरला होता की भांडण नीट रंगत नव्हतं. तरी तिनं जोर लावला. "या घरात माह्या कामाले काही किंमत हाय की नाही?"

दारात चपला काढत योगेश म्हणाला, "हळू बोला ना. मोर्णेच्या पुलापर्यंत ऐकू येऊन राहिलं."

"येऊ दे ऐकू. पुलालेबी कळू दे."

योगेश उन्हातून आला होता, डोक्याला बांधलेला दुपट्टा अजून सोडला नव्हता. दोघींच्या मध्ये उभं राहायची त्याची ही काही पहिली वेळ नव्हती, पण त्या दिवशी त्याचाही तोल गेला. "मंग घे ना अमरावतीले खोली! तुह्या गाईड मॅडम म्हणूनच राहिल्या तुले. तिथं ना मोगरा, ना कूलर, ना कोणी बटन दाबणारं. राय तिथं आरामात."

माणिकबाईंनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं आणि टोपलीवर घातलं. मंजुषा स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला बसली. गुरुवारची दुपार होती. सोमवारी तिला अमरावतीला चार जणांच्या समितीसमोर उभं राहायचं होतं, आणि दाखवायला तिच्याकडं काहीही नव्हतं.

कणीक मळताना तिला एक गोष्ट टोचत होती, जी ती बाहेर बोलली नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये मधले मधले निकाल साठवून ठेवायची सोय असते. डिस्क भरत आली म्हणून ती तिनं स्वतःच बंद केली होती. नाहीतर सासूनं दहा वेळा बटन दाबलं असतं, तरी दोन दिवसांतलं दीड दिवसाचं काम हाती लागलं असतं. पण रागावायचं म्हटलं की माणूस आपल्या बाजूचा हिशेब आधी दाबून ठेवतो. मंजुषानंही तेच केलं.

*

मंजुषा मूळची अंजनगाव सुर्जीची. बापाची भाजी, वांगी-मेथी-कोथिंबीर. शाळेतून आली की जुड्या बांधायच्या, आणि जुड्या बांधताना पाढे म्हणायचे. डी. फार्मसी केल्यावर दोन वर्षं ती औषधाच्या दुकानात उभी राहिली. मग बी. फार्मसीला गेली. तिथं रेणूंचे मॉडेल बनवायचा प्लास्टिकचा संच कॉलेजात एकच होता, आणि तो कपाटात कुलपात असे. मंजुषानं हिरवी बोरं आणली, खराट्याच्या काड्या तोडल्या आणि खोलीवर बसून रेणू केला. बोर म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. एक काडी फिरवली की अख्खं शेपूट दुसरीकडं जाई. बोरं तीच, काड्या त्याच, जोडणीही तीच. पण बसण्याची तऱ्हा वेगळी. तासभर ती काड्याच फिरवत बसली. सकाळपर्यंत बोरं सुकून रेणू लुळा पडला आणि मैत्रिणींनी उरलेले अणू मीठ लावून खाल्ले. मंजुषाचं वेड मात्र गेलं नाही.

मग लग्न झालं, अकोल्याच्या जुन्या शहरात फुलमाळ्यांच्या घरी. रागिणी झाली. रागिणी शाळेत जायला लागल्यावर मंजुषानं एम. फार्मसी केलं, एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि चाळिशी आली तेव्हा पीएच.डी.साठी अमरावतीला नाव नोंदवलं. "आता कायले?" असं माणिकबाईंनी एकदाच विचारलं होतं. मंजुषा म्हणाली होती, "मले पाहायचं हाय." काय पाहायचं, हे सांगायला त्या दिवशी शब्द नव्हते.

काम तसं बोरांचंच होतं. मधुमेहाच्या औषधासाठी तिच्या गाईड सुभद्रा मॅडमनी बारा रेणू तयार केले होते. त्यांतला सातवा परीक्षानळीत छान काम करत होता. आठवा, त्याचा जुळा वाटावा असा, अजिबात करत नव्हता. का, ते शोधायचं. औषधाचा रेणू शरीरातल्या एका मोठ्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो. बसायचा तर त्याची बसण्याची तऱ्हा खोबणीला साजेशी हवी. सातव्या रेणूत फिरू शकणारे बंध नऊ. प्रत्येक बंधाच्या तीन तऱ्हा धरल्या तरी एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी बैठका होतात. शास्त्रात त्यांना कन्फॉर्मेशन म्हणतात. 'बैठक' हा शब्द रागिणीचा. आईच्या मागं उभं राहून ती म्हणाली होती, "म्हणजे आजी कशी कधी मांडी घालते, कधी पाय पसरते, कधी टेकून बसते, पण आजी आजीच."

सॉफ्टवेअर आधी अशा शेकडो बैठका वेड्यावाकड्या तयार करतं. मग एकेक घेऊन तिला जरा सैल सोडतं, अवघडलेली असेल तर सरकवतं, आणि जिथं ती स्वस्थ बसेल तिथं तिची ऊर्जा मोजतं. ऊर्जा जितकी कमी तितकी बैठक आरामाची. मग एकावर एक ठेवून पाहायचं. तंतोतंत जुळल्या की एक ठेवायची, दुसरी काढायची. शेवटी हाती लागतात त्या या रेणूच्या खऱ्या सवयी. मंजुषाच्या जुन्या कंप्युटरवर बाराही रेणूंच्या या कामाला तीन दिवस लागत. त्यातले दोन त्या दुपारी गेले होते.

कंप्युटर माजघरातच का, तर घरातली गार खोली ती एकच. भिंती हात-दीड हात जाडीच्या, खिडकी उत्तरेला. माणिकबाईंच्या खोलीवर पत्रे, योगेशची पश्चिमेला. मोगरा माजघरातच टिकायचा आणि कंप्युटरही. घराची वायर जुनी. कूलर आणि कंप्युटर एका वेळी लावले की मेन उडे. वायर बदलू या असं घरात दर आठवड्याला ठरत होतं. वायरमन जानराव म्हणायचा, लगनसराई होऊ द्या. योगेशही तेच म्हणायचा. खरं सांगायचं तर वायर बदलली असती तर खोली कोणाची हा प्रश्नच उरला नसता, आणि तो प्रश्न उरावा असं दोघी बायकांना आतून वाटत होतं. आपणच जिंकू, असा दोघींचाही होरा होता.

सुभद्रा मॅडमचा निरोप साधा होता. आधी दोनदा मुदत वाढवून झाली आहे. सोमवारी समितीला काही दिसलं नाही तर नोंदणी राहणार नाही. आणि अमरावतीत प्रयोगशाळेशेजारी एक खोली जूनपासून रिकामी होते आहे. तिथं राहिलीस तर लॅबचे कंप्युटर रात्रंदिवस तुझेच.

मंजुषा ती खोली एकदा पाहूनही आली होती. एक खाट, एक टेबल, खिडकीतून कडुनिंब. घरी कोणाला बोलली नव्हती.

*

त्याच संध्याकाळी मोगरा बाजारात गेला, कूलर बंद झाला, आणि मंजुषानं काम पुन्हा लावलं. सलग तीन दिवस कूलरविना मिळायची खात्री नव्हती. बारातले तीनच रेणू घेतले, सहावा, सातवा, आठवा. बैठका कमी मागितल्या. आणि या खेपेला मधले निकाल साठवायला लावले. नवी फाईल उघडून भराभर रकाने भरले. स्वयंपाकघरातून भाजी जळल्याचा वास आला तशी शेवटचं बटन दाबून ती धावली.

शुक्रवारी आणि शनिवारी टेम्पो शेतातून थेट बाजारात गेला. तसं माणिकबाईंनीच सांगितलं होतं, पण 'तुह्यासाठी' असं काही म्हटलं नव्हतं. सासू-सुनेचं बोलणं चहा-पोळीपुरतं चालू होतं.

शुक्रवारी बराच वेळ वीज गेली होती, म्हणून निकाल यायला शनिवारची दुपार झाली, आणि काय निकाल होता! इतका स्वच्छ की मंजुषाला वाटलं, त्या दोन दिवसांचं नुकसान झालं ते बरंच झालं. सातव्या रेणूच्या एकोणीस बैठका उरल्या होत्या, आणि त्यातल्या सतरा एकाच घराण्याच्या. रेणू आपल्याच पोटाशी दुमडलेला, दोन्ही टोकं एकमेकांना धरून. आठव्याचंही तेच. तिनं आलेख काढले, रंग भरले, स्लाइड केल्या. संध्याकाळी तिनं सगळ्यांना आमरस वाढला, तेव्हा योगेशनं रागिणीकडं पाहून भुवया उडवल्या.

एक शंका मात्र मनाच्या कोपऱ्यात उभी होती. सातवा असा मिटून बसत असेल तर तो खोबणीत शिरतो कसा? आणि दोघं सारखेच मिटून बसत असतील तर एक काम करतो, दुसरा करत नाही, ते का? पण सोमवारी दाखवायला काहीतरी आहे, या सुखापुढं तिनं त्या शंकेला बसायला पाट दिला नाही.

*

रविवारी सकाळी माणिकबाई माजघरात गजरे ओवत बसल्या होत्या. घरच्याच वापरातला वाटीभर मोगरा होता. मंजुषा स्लाइड शेवटच्या एकदा पाहत होती. पडद्यावर सातवा रेणू सावकाश फिरत होता.

"अवं," माणिकबाई म्हणाल्या. तीन दिवसांतला चहा-पोळीपलीकडचा हा पहिलाच शब्द. "हे तेच हाय का, मंगळवारी दाखवलं व्हतं ते?"

"तेच."

"मंग असं काहून बसलं?"

"कसं?"

"पाह्य ना. डोकं गुडघ्यात. मुटकुळं करून बसलं. त्या दिवशी तं चांगलं लांब पाय टाकून बसलं व्हतं, मी रागिणीले म्हटलं नाही का, हे माह्यासारखं बसते म्हणून?" त्यांनी सुई फुलातून काढली आणि दोरा ओढला. "दुपारच्या मेथीसारखं दिसून राहिलं. पाणी नाही मारलं तं मेथी अशीच आंगाशी येते. पाणी देल्लं का याले?"

मंजुषाला हसू आलं. ते ओठांवर येईपर्यंत तिचा माऊसवरचा हात थांबला.

तिनं फाईलचे रकाने उघडले. वरून खाली वाचत गेली. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं : 'द्रावक : नाही'.

शरीरात रेणू कोरडा नसतो, पाण्यात असतो. पाणी त्याची टोकं धरून ठेवतं, म्हणून ती एकमेकांना धरत नाहीत. पाणी नसलं, भोवती नुसती पोकळी असली, तर बिचारा करणार काय? आपलीच टोकं धरून बसतो. हे मंजुषा दुसऱ्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर शिकवत आली होती. जुन्या फाईलमध्ये पाणी होतं. गुरुवारी नवी फाईल उघडली तेव्हा त्या रकान्यापाशी तिची भाजी जळत होती.

"नाही देल्लं, आई," ती म्हणाली.

"मंग दे. त्यात का हाय?"

"एकोणीस तास लागते."

माणिकबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेनऊ. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "पहाटे साडेचार. अन् तुही बस?"

"साडेसहाची."

"हं."

अकरा वाजता टेम्पो येणार होता. सोमवारच्या एका मोठ्या लग्नाचा मोगरा, पाच टोपल्या, आणि बाजार रविवारी बंद. तो माजघरातच उतरायचा होता, कूलरसमोर. हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून दोघीही त्याबद्दल बोलल्या नाहीत. माणिकबाईंनी गजरा अर्धा टाकला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदर खोचला आणि बाहेर गेल्या.

मंजुषानं पाण्याचा रकाना भरला. या वेळी सगळे रकाने बोट ठेवून वाचले, दोनदा. काम लावलं. मग खुर्ची ओढून प्लगशेजारी बसली. कोणी आलं तर आपण काय म्हणणार हे तिला माहीत नव्हतं. समोरच्या बाजूलाही घरचंच पोट होतं. लग्नाची फुलं उमलून गेली तर योगेशचं पुढचं गिऱ्हाईक जाईल. हात जोडायचे, की भांडायचं? काहीच ठरेना, तशी ती नुसती बसून राहिली.

टेम्पो आला. योगेशनं पहिली टोपली खांद्यावर घेतली आणि ओट्याशी पोचला, तर दारात माणिकबाई.

"इथं नको. गंगूकडं ने."

"कोण्या गंगूकडं?"

"किती गंगू हायेत गल्लीत?"

योगेश टोपली घेऊन तसाच उभा राहिला. दोन घरं सोडून राहणारी गंगूबाई, तीही फुलवाली. बाजारातल्या बसायच्या जागेवरून तिच्यात आणि माणिकबाईंत गेल्या दिवाळीच्या आधीपासून बोलणं बंद होतं. हळदीकुंकवाला दोघी एकाच घरी गेल्या तर एक पुढच्या दारानं आणि दुसरी मागच्या दारानं निघायची. गंगूबाईकडं मोठा कूलर होता, आणि जाड भिंतीचं माजघरही.

"आई, तिनं नाही म्हटलं तं?"

"मी इचारून आली. ने म्हटलं ना. का मुहूर्त पाहून राहिला? ऊन वाढून राहिलं."

पाचही टोपल्या गेल्या. मंजुषा प्लगपासून उठली नाही, पण तिनं सगळं ऐकलं. नंतर रागिणी धावत येऊन सांगून गेली, "आई, मी होती तिथं! आजी दारातच उभी राहिली अन् म्हणे, गंगे, तुह्या कूलरमधी पाणी हाय का? ती म्हणे, हाय. आजी म्हणे, माहा मोगरा ठेवशीन का उद्यापावतर? ती म्हणे, ठेवीन, पण मले आधी सांग तुह्या सुनेनं असं का मोठं लावलं हाय घरात?"

"मंग? आजी का म्हणे?"

"आजी म्हणे, औषध शिजून राहिलं, मधात झाकण काढता येत नाही. मंग दोघींनी चहा घेतला. अजूनबी घेऊनच राहिल्या."

त्या दिवशी माजघरात कूलर लागला नाही. दुपारी घरातल्या चौघांनी घामानं निथळत वरण-भात खाल्ला. माणिकबाई म्हणाल्या, "भात आज गरमच लागून राहिला शेवटपर्यंत," आणि योगेशला जोरात ठसका लागला. मंजुषा आभार मानायला दोनदा तोंड उघडून बसली, पण सासूनं दोन्ही वेळा तिच्या ताटात भात वाढला.

*

अमरावतीच्या समितीत चौघं होते. त्यातले खुशालराव सर निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर, आणि झोपले असं वाटलं की नेमका प्रश्न विचारणारे. मंजुषानं स्लाइडवर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. डावीकडं कोरडा सातवा, मुटकुळं करून बसलेला. उजवीकडं पाण्यातला, त्रेचाळीस बैठकांतला मुख्य घराण्याचा, ऐसपैस. ही स्लाइड तिनं पहाटे पाच वाजता केली होती.

"पाण्यातला निकाल हवा, हे ठीक," खुशालराव सर म्हणाले. "हा डावीकडचा कशाला ठेवला?"

"तो चुकून झाला, सर. घाईत द्रावक लावायचा राहिला." सुभद्रा मॅडमनी मान खाली घातलेली तिला दिसली, पण ती थांबली नाही. "पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक दिसलं. सातव्याची टोकं कोरड्यात एकमेकांना धरतात आणि पाण्यात सोडतात. आठवा कोरड्यात तसाच मिटतो, पण पाणी दिलं तरी टोकं सोडत नाही. त्याच्यात एक गट जास्तीचा आहे, तो आतून धरून ठेवतो. सातवा खोबणीत जातो आणि आठवा जात नाही, ते यामुळं असावं असं मला वाटतं."

"वाटतं, की आहे?"

"सध्या वाटतं. तपासायचं आहे."

सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि स्लाइडकडं बराच वेळ पाहिलं. "एवढा स्वच्छ निकाल हातात असताना चूक सापडली कशी? आम्ही तर असले निकाल छापून मोकळे होतो."

"सासूबाईंनी दाखवली."

खोलीत हसू उठलं. सर हसले नाहीत. "त्या काय करतात?"

"मोगरा, सर. आणि थोडी मेथी."

"तपासा," सर म्हणाले, आणि कागदावर सही केली. मुदत वर्षभरानं वाढली.

बाहेर व्हरांड्यात सुभद्रा मॅडमनी तिचा हात धरला. "चूक सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती गं? पण बरं झालं. आता ऐक, त्या खोलीचं. दुसरी एक मुलगी मागते आहे. उद्या सकाळपर्यंत सांग."

बसमध्ये मंजुषाला खिडकी मिळाली. मूर्तिजापूरपर्यंत तिनं त्या खोलीचाच विचार केला. खाट, टेबल, कडुनिंब. दार लावलं की कोणी येणार नाही. काम लावायचं आणि झोपायचं. ते तिला हवं होतं, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. उगाच त्यागाचा आव आणण्यात अर्थ नव्हता. मग तिनं त्या टेबलाशी बसलेली स्वतःला पाहिलं. सतरा मिटलेल्या बैठका पडद्यावर, आणि खोलीत चिटपाखरू नाही. त्या स्लाइड तिनं सोमवारी जशाच्या तशा दाखवल्या असत्या, आणि खुशालराव सरांनी अर्ध्या मिनिटात त्यांची वासलात लावली असती.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. तिनं उतरून उसाचा रस घेतला आणि आधी मॅडमना फोन लावला, मग जानरावला. जानराव म्हणाला, "वहिनी, लगनसराई होऊ द्या ना." मंजुषा म्हणाली, "उद्या आठ वाजता. नाही जमत तं आता सांगा, मी दुसरा पाहते." जानराव म्हणाला, "आठ नाही, साडेआठ."

घरी पोचली तेव्हा सगळे जेवायला थांबले होते. गंगूबाईकडून मोगरा सकाळीच लग्नाला गेला होता. एका टोपलीतला वरचा थर उमलला, तेवढ्याच्या माणिकबाईंनी वेण्या केल्या आणि एक गंगूबाईला दिली. समितीचं ऐकून रागिणीनं टाळ्या वाजवल्या. माणिकबाईंनी 'सासूबाईंनी दाखवली' हे वाक्य दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सायबानं माहं नाव नाही इचारलं?"

योगेश पोळीचा तुकडा हातात धरून बसला होता. तो त्यानं परत ताटात ठेवला. "मंजू, मी त्या दिवशी रागात बोललो. पण तुले जायाचं असन तं जाय. खरंच. आमी पाहू घरचं. आईबी म्हणे."

"मी कधी म्हटलं?" माणिकबाई म्हणाल्या.

"काल म्हटलं ना तू!"

"मी म्हटलं, तिले इचार. जाय म्हणून नाही म्हटलं."

तिघंही मंजुषाकडं पाहू लागले. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि ताटाला हात लावायच्या आधी सांगितलं.

"अमरावतीची खोली मी घेत नाही, मॅडमले सांगून झालं. उद्या साडेआठले जानराव येते, सगळ्या घराची वायर बदलते. दिवसभर लाइट राहणार नाही, तं पाणी आजच भरून ठेवा, अन् उद्याचा मोगरा गंगूबाईकडं उतरवा."